निकालानंतरचे शहाणपण
(द्वितीय वर्ष, कला)

सामना संपला की पानाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत प्रत्येकजण संघाचा प्रशिक्षक होतो. 'याला का खेळवले? त्याला का वगळले?' अशी टीका रास्त केव्हा आणि वरातीमागून घोडे केव्हा, हे इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांच्या उदाहरणावरून पाहू.

रॅम्से १९६३ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. तोवर संघ एक समिती निवडत असे. 'संघ मीच निवडणार' ही त्यांची अट मान्य झाली. साहजिकच पुढचे श्रेय त्यांचे आणि दोषही त्यांचाच.

१९६६ च्या विश्वचषकात हुकमी गोल करणारा जिमी ग्रीव्हज जखमी झाला व त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. अंतिम सामन्यापूर्वी ग्रीव्हज बरा झाला होता. तरी रॅम्से यांनी हर्स्टलाच ठेवले. हर्स्टने तीन गोल केले, इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ ने हरवले. संघ हरला असता, तर हाच निर्णय घोडचूक ठरला असता!

१९७० साली मेक्सिकोतील लिऑन येथे तेच दोन संघ उपउपांत्य फेरीत भिडले. इंग्लंड २-० ने पुढे होते. बेकेनबाउरने एक गोल फेडला. त्यानंतर लगेच रॅम्से यांनी बत्तीस वर्षांच्या बॉबी चार्लटनला बाहेर घेतले. तीन दिवसांनी उपांत्य सामना होता, त्यासाठी त्याला विश्रांती हवी होती. पुढे झेलरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत म्युलरने सामना जिंकून दिला. 'चार्लटनला काढले म्हणून हरलो' हे वाक्य तेव्हापासून रूढ झाले.

पण पहिला गोल झाला तेव्हा चार्लटन मैदानातच होता! खरी उणीव निराळी होती. रॅम्से यांच्या पद्धतीत खास विंगर नसत. कडेने धावण्याचे काम फुलबॅकनाच करावे लागे. इंग्लंडचे दोन्ही गोल फुलबॅक न्यूटनच्या पासवर झाले होते. मात्र भर दुपारच्या उन्हात ही धावपळ माणसाला थकवते. जर्मनीने ग्राबोव्स्की हा ताज्या दमाचा विंगर आणून थकलेल्या कूपरच्या बाजूने हल्ले चढवले. दोन बदली खेळाडूंची मुभा होती. रॅम्से यांनी दोन्ही बदल मधल्या फळीत करून टाकले. कूपरची दमछाक तेव्हाही दिसत होती, म्हणून ही टीका रास्त आहे.

१९७३ साली पोलंडविरुद्ध जिंकणे आवश्यक असताना १-१ अशी बरोबरी झाली. तेव्हा बदली खेळाडू अवघी दोन मिनिटे उरली असताना आला. आधी घाई, नंतर उशीर! १९७४ मध्ये रॅम्से यांना पदावरून दूर करण्यात आले.

तात्पर्य, निर्णय घेताना माणसाला काय ठाऊक होते, यावरून तो जोखावा. केवळ निकालावरून नव्हे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. 'पोराला नोकरी लागली तर बाप शहाणा, नाहीतर वेडा,' असे गावात बोलतात. माझा निकाल काहीही लागो. हातात होते तेवढे पाहून वडिलांनी मला शिकायला पाठवले, तो निर्णय त्या दिवशीच शहाणपणाचा होता.