अटींचा राखणदार

नवा पूल किंवा नवी सडक तयार झाली म्हणजे तिचा उद्घाटनसमारंभ मोठ्या थाटानें होतो. कोनशिलेवर मान्यवरांचीं नांवें कोरलीं जातात, इंजिनियरांची वाखाणणी होते, आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या धांवूं लागतात. परंतु या कामाशीं निकट संबंध आलेला आणखी एक मनुष्य असतो. त्यानें तेथें एकहि दगड रचलेला नसतो. उलट रचणारांस त्यानें अनेकदां थांबविलेलें असतें. हा मनुष्य म्हणजे सरकारचा पर्यावरण-अनुपालन अधिकारी होय. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांनीं या व्यवसायाचें नांवहि ऐकलें नसेल. आम्ही स्वतः कित्येक वर्षें याच कामांत असल्यामुळें, हें काम काय आहे, तें कसें चालतें व त्याची गरज कां आहे, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. अनुपालन म्हणजे घातलेली अट पाळणें. आतां ही अट कोणी घातली व कां, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. इ. स. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायु सुटून हजारों माणसें प्राणांस मुकलीं. त्या भयंकर प्रसंगानंतर १९८६ सालीं पर्यावरण संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याच्या आधारें १९९४ सालीं सरकारनें एक अधिसूचना काढली, व २००६ च्या सप्टेंबरांत तिच्या जागीं दुसरी अधिक विस्तृत अधिसूचना आली. तिचें सार एवढेंच कीं, महामार्ग, बंदर, विमानतळ, धरण अशीं जीं मोठीं कामें तींत नमूद केलीं आहेत, तीं पर्यावरण-मंजुरी मिळाल्यावांचून सुरू करावयाचीं नाहींत. 'अ' वर्गाच्या कामांस केंद्र सरकारचें मंत्रालय मंजुरी देतें, व 'ब' वर्गाच्या कामांस सामान्यतः त्या त्या राज्यांतील प्राधिकरण देतें.

मंजुरीपूर्वीं त्या जागेचा अभ्यास व्हावा लागतो. हवा कशी आहे, पाणी कोठून वाहतें, झाडें किती तुटतील, कोणाचें रान जाईल, हें सर्व लिहून काढावें लागतें. पुष्कळशा कामांच्या बाबतींत जनसुनावणीहि होते. तिची सूचना निदान ३० दिवस आधीं द्यावी लागते; राज्याचें प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवितें, आणि अध्यक्षस्थानीं जिल्हाधिकारी किंवा त्यांचे योग्य त्या दर्जाचे प्रतिनिधि असतात. गांवकरी जें बोलतील तें इतिवृत्तांत उतरून घेतलें जातें. नंतर तज्ज्ञांची समिति सर्व कागद पाहते, आणि मग मंजुरीचें पत्र निघतें.

या पत्रास लोक परवाना समजतात. आमच्या मतें तें परवान्यापेक्षां करारपत्रच अधिक आहे. 'काम करा,' हें वाक्य त्यांत एकच असतें. अटी मात्र पानोपानीं असतात. खणलेली माती ओढ्यांत लोटूं नये. धूळ उडूं नये म्हणून पाणी शिंपडावें. जेवढीं झाडें तुटतील त्याहून अधिक लावून जगवावींत. मजुरांच्या वस्तींत शौचकूप व पिण्याचें स्वच्छ पाणी असावें. सडकेखालून पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. अशा एकेका अटीमागें कोणाची तरी विहीर, कोणाचें तरी शेत, कोणाची तरी झोंप उभी असते.

आमचें काम या पत्रानंतर सुरू होतें. काम करणाऱ्या संस्थेनें दरवर्षीं १ जून व १ डिसेंबर रोजीं अटी पाळल्याचा अहवाल सादर करावा, असा नियम आहे. तो अहवाल वाचणें हें आमच्या कामाचें पहिलें अंग. आणि तो खरा आहे कीं नाहीं हें जागेवर जाऊन पाहणें हें दुसरें. यांतील बरेंच काम मोजमापाचें असतें. उदाहरणार्थ, निवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल व रात्रीं ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा वाजल्यापासून सकाळीं सहापर्यंत. हवेंतील बारीक धुळीचें चोवीस तासांचें सरासरी प्रमाण दर घनमीटरास १०० मायक्रोग्रॅमच्या वर जातां कामा नये. हे आंकडे यंत्र सांगतें. परंतु हजार रोपें लावल्याचें कागदावर लिहिलें असलें, तर त्यांपैकीं किती जगलीं हें यंत्र सांगत नाहीं. तें उन्हांत पायीं फिरूनच मोजावें लागतें.

येथें एक अनुभव सांगतों. कोंकणांतील एका सडकेच्या कामाची जनसुनावणी होती. तींत एक वृद्ध शेतकरी उभे राहिले व म्हणाले, "साहेब, तुमचा भराव माझ्या खाचरांच्या वरच्या अंगाला येणार. तिथला वहाळ उन्हाळ्यांत कोरडा असतो, म्हणून तो तुमच्या नकाशांत नाहीं. पण पाणी आपली वाट विसरत नाहीं. तिथं मोरी ठेवा." त्यांचें म्हणणें लिहून घेतलें गेलें, आणि पुढें मंजुरीच्या पत्रांत तें एक अट म्हणून उतरलें.

दोन वर्षांनीं आम्ही तपासणीस गेलों. अहवालांत त्या अटीपुढें 'पूर्तता झाली' असा शेरा होता. जागेवर भराव पुरा झाला होता. मोरी मात्र नव्हती. विचारतां उत्तर मिळालें कीं, पुढें दोनशें पावलांवर मोठी मोरी आहे, तीच पुरेल. तो मे महिन्याचा पहिला आठवडा होता. काम आधींच रेंगाळलेलें, आणि तें लवकर संपवा म्हणून वरून निकड. खरें सांगावयाचें तर, शेरा आहे तसाच राहूं द्यावा, असें क्षणभर आमच्याहि मनांत आलें. इतक्यांत ते आजोबा बांधावरून चालत आले. त्यांनीं तक्रार केली नाहीं, कीं आवाज चढविला नाहीं. "साहेब, लिहून घेतलं होतं ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. 'पूर्तता झाली नाहीं' असा अहवाल आम्हीं त्याच दिवशीं लिहिला. अशा अहवालावरून कारणें दाखवा म्हणून नोटीस निघते. आणि तेवढ्यानें न भागल्यास, १९८६ च्या अधिनियमाच्या पांचव्या कलमान्वये काम बंद ठेवण्याचा, किंबहुना वीज व पाणी तोडण्याचाहि आदेश देतां येतो. येथें ती पाळी आली नाहीं. भराव फोडून सिमेंटचे नळ बसविण्यांत आले. जुलै महिन्यांत आम्ही मुद्दाम पुन्हा गेलों. वहाळ भरून वाहत होता, पाणी नळांतून सरळ पलीकडे जात होतें, आणि खालच्या खाचरांत लावणी चालली होती.

एका शेतकऱ्याच्या खाचरांची ही लहानशी गोष्ट झाली. तोच नियम मोठ्या कामासहि कसा लागूं पडतो, याचें उदाहरण नागपुरच्या उत्तरेस पाहावयास मिळतें. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मनसर व खवासा यांच्या दरम्यान पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलांतून जातो. तो रुंद करावयाचा ठरला तेव्हां मोठा वाद झाला व प्रकरण न्यायालयांत गेलें. कारण याच रानांतून वाघ व इतर प्राणी ये-जा करीत असतात. अखेरीस सडक झाली, पण जनावरांस खालून जातां यावें म्हणून तिच्यांत लहान पूल व भुयारी वाटा मिळून ९ बांधकामें करावीं लागलीं. त्यांपैकीं सर्वांत लांब ७५० मीटर आहे.

तथापि आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पूल बांधला म्हणजे अट पुरी झाली, असें तेथें मानलें गेलें नाहीं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनें पुलांखालीं आपोआप छायाचित्रें घेणारे कॅमेरे लावले. २०१९ सालच्या मार्च ते डिसेंबर या अवधींत १८ जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनीं गेल्याचें दिसून आलें. त्यांत वाघ ८९ वेळां गेले होते. अटीचा हेतु पूल बांधणें हा नव्हता. जनावरें सुखरूप पलीकडे जावींत हा होता. तो सफळ झाला कीं नाहीं, हें कोणीतरी जाऊन पाहिलें, म्हणूनच आज आपणांस कळतें.

सर्वत्र असेंच घडतें असें मात्र नाहीं. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीं २०१६ सालच्या आपल्या अहवालांत, मंजुरीनंतरची देखरेख अपुरी पडते असा स्पष्ट दोष दाखविला होता. कामें पुष्कळ, क्षेत्र विस्तीर्ण, आणि पाहणारे डोळे थोडे, हें त्याचें एक कारण होय. दुसरें कारण माणसाच्या मनांतच असतें, आणि तें आम्हीं वर आमच्याच उदाहरणावरून कबूल केलें आहे.

कोणी विचारील कीं, असले अधिकारी प्रगतीच्या आड येत नाहींत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सडक हवीच, तिच्यावरूनच रोगी इस्पितळांत वेळेवर पोंचतो व शेतकऱ्याचा माल बाजारास जातो. परंतु सडकेचा लाभ शंभर गांवांस व्हावा आणि तिचें पाणी मात्र एकाच्याच घरांत शिरावें, ही प्रगति नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांस हा व्यवसाय आवडेल त्यांनीं वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र व कायदा यांचा थोडथोडा परिचय अवश्य करून घ्यावा. त्याबरोबरच खेड्यांतील मनुष्याचें बोलणें शांतपणें ऐकून घेण्याची संवय लावावी. कारण नकाशांत नसलेला वहाळ त्यालाच ठाऊक असतो. आणि ज्यांस हा व्यवसाय करावयाचा नाहीं, त्यांसहि एक गोष्ट करतां येईल. मंजुरीचीं पत्रें गुप्त नसतात. सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर तीं कोणासहि वाचतां येतात. आपल्या गांवाजवळ मोठें काम निघालें, तर तें पत्र मिळवून वाचा, आणि त्यांतील एखादी अट पाळली गेली आहे कीं नाहीं, हें स्वतः जाऊन पाहा. न पाळलेली दिसली, तर त्या आजोबांप्रमाणें शांतपणें विचारा : लिहून घेतलें होतें ना?