विम्याचा हप्ता कमी, पण पहिला खर्च कोणाच्या अंगावर?



गटागटांतून हिंडताना हल्ली आम्हाला लागणीइतकीच चौकशी आरोग्य विम्याची होते. एजंट सांगतो, "काका, वजावट घ्या, हप्ता कमी बसेल." हप्ता कमी म्हटले की आपण मान डोलावतो. म्हणून हे चार शब्द.

वजावट म्हणजे दवाखान्याच्या बिलातली ठरलेली रक्कम आधी आपण भरायची, त्यावरची कंपनीने. वजावट ५० हजारांची असेल तर ३० हजारांचे बिल सगळे आपले. बिल २ लाखांचे झाले तर ५० हजार आपले आणि दीड लाख, अटींना धरून, कंपनीचे.

आता हिशेब मांडू. समजा, या वजावटीमुळे वर्षाला ४ हजार वाचले. एकदा पूर्ण ५० हजार भरावे लागले, तर साडेबारा वर्षांची बचत गेली. घरात तरणीताठी माणसे असतील तर हे परवडेलही. पण म्हातारी आई, साखरेचा आजार असलेले वडील असतील तर दहादा विचार करावा.

दुसरी गोष्ट वेळेची. आजारपण गळीत हंगाम बघून येत नाही. श्रावण-भाद्रपदात ऊस रानात उभा, हात मोकळा. तेव्हा ५० हजार कुठून आणणार? व्याजाने काढले तर वाचलेला हप्ता व्याजातच गेला. ज्यांची तेवढी ठेव बँकेत आहे, किंवा मुलाच्या नोकरीतला विमा पहिला खर्च उचलतो, त्यांनीच मोठी वजावट घ्यावी.

तिसरे, कागद नीट वाचावा. साध्या टॉप-अपमध्ये वजावट दर वेळी लागते, सुपर टॉप-अपमध्ये वर्षाच्या एकूण खर्चावर. वजावट ४ लाख आणि वर्षात तीन-तीन लाखांची दोन बिले झाली, तर साध्यात काहीच मिळत नाही. सुपरमध्ये २ लाख मिळतात. पुढे वजावट कमी करायची म्हटले, तर कंपनी नव्याने तपासणी मागू शकते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहेच; पण ती ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या रुग्णालयांतच चालते.

खताची मात्रा आपण शेजाऱ्याची बघून ठरवत नाही, माती तपासून ठरवतो. वजावटही घरची माणसे आणि घरची शिल्लक बघूनच ठरवावी. सही करण्याआधी घरातल्या कारभारणीलाही विचारावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी