वाड्यातील यमू, वऱ्हाडातील कौतिक

स्त्रीचे दुःख हा मराठी कादंबरीचा अगदी आरंभापासूनचा विषय आहे. विधवाविवाहाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही हिंदू विधवांच्या स्थितीवरील कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या विषयावर जे लिहिले गेले, त्याला आज अभिजात म्हटले जाते. मात्र हे लेखन भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यातील जिल्ह्यातून वाचले, तर त्यात कोणती स्त्री दिसते आणि कोणती दिसत नाही, हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहतो.

हा प्रश्न विदर्भातूनच सर्वांत आधी विचारला गेला होता, याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही. सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बालकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, जी अपिलात जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक होऊ लागली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. या निबंधात त्यांनी विधवेवरील अन्यायाचा हिशेब मांडलाच, शिवाय ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या त्या काळी लोकप्रिय असलेल्या कादंबऱ्यांचाही समाचार घेतला. या अद्भुतरम्य कादंबऱ्या होत्या, म्हणजे योगायोग, संकटे आणि शेवटी होणारे मीलन यांवर त्यांची रचना उभी असे, आणि त्यांतील नायिका लेखकाच्या सोयीप्रमाणे घडवलेली असे. पुस्तकातील बाई आणि घरातील बाई यांच्यात पडलेले अंतर ताराबाईंनी ज्या संतापाने दाखवले, त्या संतापाला मराठी समीक्षेचा एक आरंभबिंदू मानायला हवे. पुण्याहून जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. तरीही पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हा निबंध विस्मरणात राहिला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली, तेव्हा पुस्तकातील आणि घरातील बाईमधले हे अंतर बरेच कमी झाले, कारण तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडून सांगते. लहानपणीचे खेळ, सासर, समंजस पतीबरोबर मुंबईत मिळालेली थोडी मोकळीक, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर विधवेचे केस सक्तीने काढणे, म्हणजे केशवपन, या क्रमाने सांगितलेली ही कथा आजही वाचकाला स्वस्थ बसू देत नाही. यमू आणि तिचा पती यांच्यात हळूहळू फुलणारे प्रेम हा या कादंबरीचा खरा धक्का आहे: विवाहाच्या चौकटीत राहूनही पत्नीला शिकवणारा, तिच्याशी बरोबरीने बोलणारा पुरुष एकत्र कुटुंबाला असह्य वाटतो, आणि त्याच्या पश्चात त्या प्रेमाची किंमत तिच्याकडून वसूल केली जाते.

तरीही यमूचे दुःख एका विशिष्ट वाड्यातले आहे, हे भंडाऱ्याच्या वाचकाने लक्षात घेतले पाहिजे. मध्य प्रांतातील कुणबी, तेली, महार अशा अनेक समाजांत विधवेचा पुनर्विवाह रूढीने मान्य होता. त्याला ‘पाट’ म्हणत. पहिल्या लग्नाइतका मान पाटाला नसे आणि त्याचे विधीही वेगळे असत, पण केशवपन करून माजघराच्या अंधारात आयुष्य काढण्याची सक्ती या समाजांत नव्हती. म्हणून कायद्याने आणि कादंबरीने ज्या प्रश्नाला ‘स्त्रियांचा प्रश्न’ असे सरसकट नाव दिले, तो पुष्कळ अंशी उच्चवर्णीय स्त्रियांचा प्रश्न होता. बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, पावसात वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रीवर अन्याय होत नव्हता असे मुळीच नाही. मात्र तो मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन, मजुरीचा दर आणि जातीची पायरी या वाटांनी येत होता, आणि त्या वाटांवर कादंबरी बराच काळ फिरकली नाही.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्त्रियांनीच लेखणी हाती घेतली, तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. मालती बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ च्या कथासंग्रहाने आणि पाठोपाठच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीने अविवाहित आणि परित्यक्ता स्त्रीच्या इच्छेला शब्द दिले, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांनी ‘निखळलेली हिरकणी’ (१९३६) आणि त्यापुढील कादंबऱ्यांत त्याहून परखडपणे विवाहसंस्थेचीच उलटतपासणी केली. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा उपलब्ध नव्हता. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्ये केला, पण भंडारा मध्य प्रांतात असल्यामुळे इथल्या स्त्रीला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. जातीच्या रूढीने सोडचिठ्ठी मिळणे ही वेगळी गोष्ट होती. साने यांच्या नायिकांचे धाडस या पार्श्वभूमीवर मोजले, तर त्यांना ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने किती अन्याय केला, ते कळते.

श्रमाची वाट मात्र खऱ्या अर्थाने उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये उघडली. हिंगणघाटच्या या लेखकाने शिंपी कुटुंबातील कौतिक ही स्त्री उभी केली, जी दुबळ्या नवऱ्याला, मुलांना आणि दारिद्र्याला एकटीने रेटते. तिचे बोलणे त्यांनी वऱ्हाडीतच ठेवले. कौतिकच्या आयुष्यात प्रेम नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. ते मीलन-विरहाच्या भाषेत व्यक्त होत नाही, तर घरात उद्याचे पीठ आहे की नाही, या काळजीतून व्यक्त होते. यमूला तिच्यावर अन्याय करणारी माणसे नावानिशी दाखवता येतात. कौतिकला तशी दाखवता येत नाहीत, कारण तिच्याविरुद्ध परिस्थितीच उभी आहे, आणि हा फरक मराठी कादंबरीच्या इतिहासातील फार मोठी झेप आहे. भंडाऱ्याची झाडीबोली वऱ्हाडीहून वेगळी असली, तरी रोवणी, तेंदूपत्त्याची तोडाई आणि विड्या वळणे यांवर घर चालवणाऱ्या इथल्या स्त्रीला कौतिकची ओळख करून द्यावी लागत नाही.

कौतिकच्याही पलीकडे उरते ती जात. प्रेम आणि जात यांचा संबंध सर्वांत निर्णायक शब्दांत सांगितला तो कादंबरीने नव्हे, तर नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या आत्मकथनपर लेखसंग्रहाने. महार समाजात जन्मून संस्कृतमध्ये एम.ए. झालेल्या या लेखिकेला पदवी असूनही नोकरी मिळत नव्हती. आंतरजातीय विवाहानंतर सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव आले आणि मग अध्यापनाचे दार उघडले. प्रेमविवाहाने जातीची भिंत पाडल्याची कथा सांगणे कादंबरीकाराला सोपे गेले असते. पावडे यांनी मात्र ती भिंत जागच्या जागी कशी उभी राहिली, हे दाखवले.

जातीची हीच भिंत भंडाऱ्यातही उभी होती. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशीच्या शिक्षा रद्द करून त्यांऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास ठरवला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र दोष सिद्ध मानला गेला नाही. या घटनेवर मोर्चे निघाले, अहवाल आले, आनंद तेलतुंबडे यांचे पुस्तक आले. या साऱ्या कागदांत सुरेखाबाई आहेत, पण बहुतेक ठिकाणी मृत म्हणून आहेत. आपल्या शेतजमिनीसाठी भांडणारी, मुलीच्या शिक्षणाचा आग्रह धरणारी आणि गावाच्या दबावापुढे न वाकणारी स्त्री हत्येपूर्वीच्या दिवसांत काय विचार करत होती, कोणाला भीत होती आणि कशाची आशा धरून होती, हे न्यायनिर्णयाच्या कक्षेत येत नाही. यमूला जे मन आपट्यांनी १८९० मध्ये दिले, कौतिकला जी बोली शेळक्यांनी १९६० मध्ये दिली, त्या मनाची आणि त्या बोलीची मागणी मोहाडी तालुक्यातील ही हकिगत मराठी कादंबरीकडे करते आहे.