सुरतेतली सेडान: मागची सीट, डिकी आणि खानदेशची वाट

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सुरतेबाहेर पडणाऱ्या गाड्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर दोन वाटांनी फुटतात. मुंबईच्या गाड्या दक्षिणेला वळतात. बारडोली, व्यारा, सोनगढ करत नवापूरकडे निघालेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत अहिराणी बोलली जात असते. हजिऱ्याहून निघून धुळे, जळगाव, नागपूर गाठत पुढे पूर्वेकडे जाणारा हा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6 आणि आताचा 53, सुरतेतल्या मराठी माणसाला गावाशी जोडून ठेवतो. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत लूम आणि डाइंग मिलच्या कामासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची आता तिसरी पिढी नांदते आहे. पहिल्या पिढीने ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेच्या पॅसेंजरने प्रवास केला, दुसरीने एसटी आणि ट्रॅव्हल्सने. तिसरीच्या दारात गाडी आहे, आणि ज्यांचे बरे चालले आहे त्यांच्यातल्या अनेकांनी ती घेताना डिकीवाली लांब गाडी निवडली.

तशी सुरत आणि दिवाळी म्हटले की गाडी आठवतेच. हरी कृष्ण एक्स्पोर्ट्स या हिरे कंपनीने 2014 च्या दिवाळीत कारागिरांना 491 गाड्या दिल्या, 2016 मध्ये 1260, आणि दोन्ही वेळा देशभर बातम्या झाल्या. त्या गाड्या छोट्या होत्या. कुटुंबाची पहिली गाडी बहुधा तशीच असते. दुसऱ्या गाडीच्या वेळी प्रश्न बदलतो: आई-वडील, दोन मुले आणि आठवड्याभराचे सामान घेऊन सव्वादोनशे किलोमीटरवरच्या धुळ्याला, नाहीतर तीनशेच्या पुढच्या जळगावला, कुणाचीही पाठ न धरता कसे पोहोचायचे?

मध्यम आकाराची सेडान हे त्याचे जुने उत्तर. 1990 ची मारुती 1000, 1994 ची एस्टीम, 1998 च्या जानेवारीत आलेली होंडा सिटी, 1999 च्या ह्युंदाई ॲक्सेंट आणि फोर्ड आयकॉन, 2006 ची व्हर्ना, 2007 ची एसएक्स4, 2014 ची सियाझ, 2022 च्या स्लाव्हिया आणि व्हर्टस अशी ही वंशावळ आहे. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, पेट्रोल इंजिन बहुधा दीड लिटरचे. याच लांबीने या गाडीचे नुकसान केले. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी सेडानच्या शेपट्या कापायला सुरुवात केली. इंडिगो सीएस 2008 मध्ये आली ती यामुळेच, आणि 2012 च्या डिझायरची डिकी आखूड झाली तीही यामुळेच. जीएसटीतही दरी राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर 29 टक्क्यांवरून 18 वर आला, तर दीड लिटरच्या सेडानवरचा 45 वरून 40 वर. दोन्ही स्वस्त झाल्या, पण आधी 16 टक्क्यांचे असलेले अंतर आता 22 टक्क्यांचे झाले. घराघरांत गाडीची चर्चा सुरू होते तेव्हा सेडानचा पहिला पराभव इथेच होतो.

दुसरा पराभव शोरूममध्ये होतो. गाडी बघायला येणारा माणूस चालकाच्या सीटवर बसतो. उंच एसयूव्हीतून समोरचा रस्ता ऐसपैस दिसतो, बॉनेट डोळ्यांत भरते आणि मन तिथेच ठरते. सेडानची खरी जागा मागे आहे, आणि मागे बसून गाडी विकत घेणारा माणूस विरळा. सियाझची मागची सीट या वर्गात नावाजली गेली ती पाय पसरता येतात म्हणून. तिचा व्हीलबेस 2650 मिलिमीटर, म्हणजे कितीतरी महागड्या एसयूव्हींपेक्षा जास्त. मागच्या काचेला पडदाही होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातल्यापासून सुरतेच्या मे महिन्यात त्या पडद्याचे मोल काय, ते मागे बसणाऱ्यांनाच ठाऊक. 2014 च्या सिटीत मागच्या सीटसाठी एसीचे झरोके आले. सोनगढ सोडल्यावर मागची मंडळी झोपी जातात की उलटीची पिशवी शोधतात, यावर गाडीचे घरातले नाव ठरते, आणि तिथे सेडान जिंकते. बसकण खाली असल्याने वळणावर गाडी कमी कलते. विसरवाडीच्या पुढचा कोंडाईबारी घाट चढताना हा फरक सगळ्यांत जास्त जाणवतो.

मात्र याच खालच्या बसकणीची एक तक्रार प्रत्येक सेडानवाल्या घरात ऐकू येते, आणि ती खरी आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींना आत बसताना आधी वाकावे लागते, मग खाली जावे लागते, आणि उतरताना दाराची कड धरून स्वतःला वर ओढावे लागते. मुलगा हात द्यायला धावतो, सून मागून आधार देते. अशा घरांनी सेडान विकून उंच गाडी घेतली तर त्यांना चूक म्हणता येणार नाही. गाडीचा सुखसोयींचा तक्ता कितीही लांब असला तरी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला आत शिरता आले पाहिजे.

डिकीचे प्रकरण सुरतेत निराळेच आहे. कागदावर सिटीची डिकी 506 लिटर, सियाझची 510, स्लाव्हियाची 521, नव्या व्हर्नाची 528. गावी जाताना त्यात सुरतेच्या साड्यांची गाठोडी, घारी आणि फरसाणाचे डबे जातात. येताना दादर ज्वारीची गोणी, लाल मिरची, उडदाचे पापड, कुरडया, केळीचा घड आणि हंगाम असेल तर बामणोदची भरिताची वांगी येतात. आखाजीला माहेरी आलेली लेक परत निघते तेव्हा आईने भरलेल्या पिशव्या गाडीत मावल्याच पाहिजेत. सेडानची डिकी बंद असते, त्यामुळे मिरचीचा ठसका आणि लसणाचा वास आतल्या माणसांपर्यंत येत नाही. ही सोय कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

पण सुरत गॅसवर चालते. सीएनजी इथे रिक्षापुरता उरलेला नाही, कारखानदारही गॅसवर गाडी चालवतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. मारुतीने 2010 मध्ये एसएक्स4 कारखान्यातूनच सीएनजीवर दिली होती. सिटी, सियाझ, व्हर्ना यांच्या मालकांना मात्र बाहेरून किट बसवावे लागते. हिशेब सरळ आहे. शहरात लिटरला 12-13 किलोमीटर देणाऱ्या गाडीचा पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सात रुपयांच्या पुढे जातो. गॅसचा भाव किलोला 80 च्या घरात धरला आणि 18 चे ॲव्हरेज धरले, तर तोच खर्च साडेचारच्या आसपास बसतो. साठ-सत्तर हजारांचे किट पंचवीस हजार किलोमीटरच्या आत फिटते. रोजची लांबची ये-जा असणाऱ्याला दीड-दोन वर्षे पुरतात.

त्याच्या बदल्यात डिकी जाते. साठ लिटरची टाकी आडवी बसली की तिच्यात आठ-नऊ किलो गॅस मावतो, आणि तिच्या पुढे-मागे दोन पिशव्या. मोठी बॅग उभीही राहत नाही. त्याहून अडचणीची गोष्ट खाली असते: स्टेपनी. ती डिकीच्या तळाखालच्या खळग्यात आणि टाकीचा सांगाडा नेमका तिच्यावर. घाटात टायर बसला तर आधी मिरची, पापड, गोणी रस्त्याच्या कडेला उतरवायच्या, मग तळाची चटई दुमडायची, मग सांगाड्याच्या फटीतून चाक तिरके करून ओढायचे. जुने जाणते फिटर म्हणूनच उंच स्टँड लावून टाकी वर घेतात, म्हणजे चाक खालून सरळ निघते. किट बसवण्याआधी स्टेपनी काढून दाखवायला सांगणे हा सुरतेतल्या गाडीवाल्यांकडून मिळणारा सर्वांत कामाचा सल्ला आहे. त्याच्या जोडीला कागदपत्रे येतात. आरसी बुकात इंधनाची नोंद, विम्यात किटची नोंद, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. ही टेस्ट टाळणारे लोक स्वतःबरोबर पंपावरच्या रांगेचाही जीव धोक्यात घालतात, आणि याबाबत कुणाचीही भीड ठेवण्याचे कारण नाही.

ज्यांना डिकी सोडायची नव्हती ते डिझेलकडे गेले. 2014 ची डिझेल सिटी लिटरला 26 किलोमीटरचा कंपनीचा आकडा घेऊन आली, आणि महिन्यातून दोनदा शिरपूर-शहादा करणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. एप्रिल 2020 मध्ये बीएस6 नियम आले तशा सियाझ, व्हेंटो, रॅपिड डिझेलमधून बाद झाल्या. 2023 पर्यंत सिटी आणि व्हर्नाही त्याच वाटेने गेल्या. 2022 मध्ये आलेल्या हायब्रिड सिटीचा तेव्हाचा दावा 26.5 चा होता, पण किंमत ऐकून डिझेलवाला परत फिरतो.

पेट्रोलवर राहिलेल्यांचे एक गणित सीमेवर सुटते. गुजरात आणि महाराष्ट्रातल्या पेट्रोलच्या भावात अलीकडे दहा रुपयांच्या आसपास फरक राहिला आहे. म्हणून जाताना सोनगढ-उच्छलकडे टाकी काठोकाठ भरायची, आणि परतताना काटा खाली आला तरी नवापूर ओलांडेपर्यंत धीर धरायचा. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. पंपांना मात्र बाजू निवडावी लागते. सिटीची टाकी 40 लिटरची, म्हणजे एका फेरीत चारशेच्या आसपास रुपये वाचतात. इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेल्यापासून ॲव्हरेज उतरल्याची तक्रार जुन्या गाड्यांचे मालक करतात. तिला आधार आहे, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. 2009 नंतरच्या आपल्या गाड्यांचे सुटे भाग हे इंधन सोसतात असे होंडाने जाहीर केले आहे. रबरी नळ्यांची चिंता त्यामुळे मिटते, ॲव्हरेजची मिटत नाही.

रस्त्यांबद्दल सुरतकर फारसे कुरकुरत नाहीत. तापीवरचे पूल, रुंद रिंग रोड, 2018 मध्ये सुरू झालेला, अठवा-अडाजण जोडणारा केबल पूल यांवर सेडान लीलया धावते. त्रास ब्रेकरचा. सिटीचा तळ जमिनीपासून 165 मिलिमीटर, स्लाव्हियाचा 179. सोसायटीने स्वतःच ओतलेला उंच ब्रेकर, गाडीत पाच माणसे आणि डिकीत गॅसची टाकी असा योग आला की पोटाला घासल्याचा आवाज होतो आणि मागचे सगळे नकळत सीटवरून उचलले जातात. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवण्याची कला लिंबायतमधल्या प्रत्येक सेडानवाल्याने आत्मसात केली आहे. मेट्रोच्या खोदकामाने गेली काही वर्षे या कलेचा कस पाहिला. पलीकडे धुळ्याकडच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्या काळात अनेकांनी सस्पेन्शनचे बुश बदलून घेतले.

खरा शत्रू पाणी. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग बुडाला. सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. तापीचा तसा पूर पुन्हा आला नाही, पण खाडीपूर येतो. मिठी खाडी फुगली की लिंबायत आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरते. जुलै 2024 मध्ये शिरले, जून 2025 मध्येही. सेडानचे हवा ओढण्याचे तोंड एसयूव्हीपेक्षा खाली असते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहिली की पाणी सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनी अशा वेळी साध्या पॉलिसीवर इंजिनाचे पैसे नाकारते. इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे कलम हवे, आणि खाडीकाठी राहणाऱ्याने ते सोडून बाकीच्या चार शोभेच्या कलमांवर खर्च करू नये.

या गाड्यांचे दुसरे आयुष्य बहुतेकदा खानदेशातच सुरू होते. खासगी मोटारीवर गुजरातेत एकरकमी कर 6 टक्के, महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर 12. त्यामुळे सुरतेत राहणारे कुटुंब नवी गाडी जीजे-05 वरच घेते. सहा-सात वर्षांनी ती गावाकडच्या भाच्याकडे किंवा मेहुण्याकडे जाते, आणि तिथे एनओसी, उरलेल्या वयाचा महाराष्ट्राचा कर आणि नंदुरबारचा एमएच-39, धुळ्याचा एमएच-18 किंवा जळगावचा एमएच-19 असा क्रम लागतो. अनेक जण एनओसीशिवायच वर्षानुवर्षे जुन्या पाटीवर गाडी चालवतात आणि अपघात झाला की क्लेमसाठी सुरतेच्या चकरा मारतात.

घेणारा जाणता असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. पुरात राहिलेल्या गाडीच्या पट्ट्यावर, एरवी गुंडाळलेल्या भागात, गाळाची फिकट रेघ उरलेली असते. आतून कितीही धुतले तरी तिथे सहसा कुणाचा हात पोहोचत नाही. मग सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती, गालिच्याच्या खालच्या बाजूचा वास. हजिरा-डुमसच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे सायलेन्सर आणि दारांच्या खालच्या कडाही पाहाव्या लागतात, कारण खारी हवा तिथूनच सुरुवात करते. सियाझ 2025 मध्ये बंद झाल्यापासून जुन्या बाजारात तिच्याबद्दल साशंकता आहे, पण तिच्या दीड लिटर इंजिनाच्या घराण्यातलीच इंजिने अर्टिगा आणि ब्रेझात चालू आहेत, म्हणून यांत्रिक भागांची धास्ती बाळगू नये. काचा, दिवे, बंपर यांची चौकशी मात्र आधी करावी. पाण्यातून न गेलेली, गॅसचे किट न बसलेली, एका कुटुंबाने वापरलेली सियाझ किंवा सिटी सुरतेत मिळाली तर घाट ओलांडून ये-जा करणाऱ्या पाच माणसांच्या घराला त्या किमतीत त्याहून बरी गाडी आज मिळत नाही.