तोंडी नको, लेखी द्या

१९५८ च्या जानेवारीत मुंबईत एक चौकशी सर्वांसमक्ष चालू होती. आयोग एकट्या माणसाचा होता: मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला. साक्षीला मात्र देशाची तिजोरी सांभाळणारी माणसं येत होती, त्यांत अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल होते आणि खुद्द अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारीही. वर्षही पुरं न झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ च्या जूनमध्ये हरिदास मुंदडा या व्यावसायिकाच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले होते, तेही सव्वा कोटीच्या घरात आणि स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. फिरोज गांधींनी लोकसभेत हा विषय उचलून धरला आणि साऱ्या देशात एकच प्रश्न घुमू लागला: हा व्यवहार करायला सांगितलं कोणी?

मंत्र्यांचा लेखी आदेश नव्हता. बैठका झाल्या होत्या, बोलणी झाली होती, कोणी काही सुचवलं होतं आणि कोणी ते हुकूम म्हणून ऐकलं होतं. छगलांनी महिन्याच्या आत अहवाल दिला. स्वायत्त महामंडळाच्या कामात सरकारने ढवळाढवळ करू नये, आणि करायचीच असेल तर लेखी आदेश देण्याची जबाबदारी टाळू नये, असं त्यांनी स्वच्छ नोंदवलं. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याचीच, असंही ते म्हणाले. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

भारतातल्या सरकारी महामंडळांची आणि कंपन्यांची रचना समजून घ्यायची, तर मला हीच चौकशी दाराशी उभी दिसते. सरकार मालक आहे, पण कारभार सरकारने करायचा नाही. मालकाने बोलायचं, पण कागदावर बोलायचं, अशी ही रचना. गेल्या पाऊणशे वर्षांत तिचं जे भलंबुरं झालं, ते बरंचसं या अटीच्या पाळण्या-न पाळण्यातून झालं आहे.

आयुर्विमा महामंडळाची गोष्ट त्या चौकशीच्या दोनच वर्षं आधी सुरू होते. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. वटहुकूम निघाला आणि १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या व ७५ भविष्यनिर्वाह संस्था अशा २४५ संस्थांचा कारभार सरकारकडे आला. पुढे संसदेने कायदा केला, सरकारने पाच कोटींचं भांडवल घातलं आणि १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ उभं राहिलं. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव तोवर मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच पद सोडलं होतं.

त्या कायद्यातलं एकविसावं कलम वाचण्यासारखं आहे. लोकहिताशी संबंधित धोरणात्मक बाबींवर केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकेल, पण लेखी, असं ते सांगतं. छगलांनी नवा नियम शोधला नव्हता. कायद्यात आधीच लिहिलेलं त्यांनी सरकारला मोठ्याने वाचून दाखवलं.

सरकारने उद्योग करायचा, तर आपल्याकडे त्याचे तीन घाट आहेत. पहिला खात्याचा. रेल्वे आणि टपाल आजही खातीच आहेत. त्यांचा खर्च अर्थसंकल्पातून होतो, माणसं सरकारी नोकर असतात आणि मंत्री थेट संसदेला उत्तर देतो. दुसरा घाट वैधानिक महामंडळाचा. संसद किंवा विधिमंडळ त्यासाठी स्वतंत्र कायदा करतं आणि अधिकार, भांडवल, हिशेब सारं त्या कायद्यात असतं. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा नमुना समोर ठेवून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं, ते स्वतंत्र भारतातलं या घाटाचं पहिलं मोठं काम. तिसरा घाट कंपनीचा. तिला वेगळा कायदा लागत नाही. कंपनी कायद्याखाली नोंदणी करायची आणि किमान ५१ टक्के भागभांडवल केंद्राचं, राज्याचं किंवा दोघांचं मिळून असलं की ती सरकारी कंपनी.

या तिसऱ्या घाटातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. केंद्राच्या कंपनीचे शेअर असतात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे. सार्वजनिक कंपनीला कायद्याने किमान सात भागधारक लागतात, म्हणून पूर्ण सरकारी मालकी असली तरी एकेक-दोनदोन शेअर काही अधिकाऱ्यांच्या नावे ठेवतात, राष्ट्रपतींच्या वतीने. अधिकाऱ्याची बदली झाली की तो शेअर त्या जागी येणाऱ्याच्या नावे होतो. वार्षिक सभेला राष्ट्रपतींचा प्रतिनिधी येतो. खरे मालक आपण सगळे, पण त्या खोलीत आपल्यापैकी कोणी नसतो. म्हणून तिथे जे ठरतं ते कागदावर असण्याला इतकं मोल आहे. आपल्या हाती यायचा तो कागदच.

एकाच संस्थेने हे तिन्ही घाट बदललेले पाहायचे असतील तर तेल शोधणारी ओएनजीसी पाहावी. १९५५ मध्ये ती सरकारी खात्यातलं संचालनालय होती, पुढच्या वर्षी आयोग झाली, १९५९ च्या कायद्याने वैधानिक संस्था आणि १९९३ मध्ये कंपनी. यातल्या वैधानिक काळातच, १९७४ साली, ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबईपासून दूर भर समुद्रात तेल शोधलं, आणि बॉम्बे हाय हे नाव घरोघरी गेलं.

या उद्योगांना सुरुवात झाली तेव्हा देशाकडे फार काही नव्हतं. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी केंद्राचे असे उपक्रम होते पाच आणि त्यांतली गुंतवणूक होती २९ कोटी रुपये. १९४८ च्या औद्योगिक धोरणाने दिशा दाखवली आणि १९५६ च्या धोरणाने सतरा उद्योगांच्या पुढच्या वाढीची जबाबदारी सरकारवर टाकली. पोलाद, अवजड यंत्रं, वीज यांत लागणारा पैसा आणि वाट पाहण्याची तयारी खासगी भांडवलाकडे त्या वेळी पुरेशी नव्हती. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, देशात पेनिसिलिन तयार करण्यासाठी. पुढे तिथल्या संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द आहे. नव्वदच्या दशकात हीच कंपनी आजारी ठरली. तरी एका सरकारी कारखान्यातल्या कामामुळे आपल्या गावाचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात कायमचं गेलं, हे विसरून तिची गोष्ट सांगता येणार नाही.

मालक गैरहजर, म्हणून पहारेकरी अनेक. सरकारी कंपनीचे लेखापरीक्षक नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, नेमतात आणि त्यांच्या तपासणीवर पुन्हा पूरक तपासणीही करतात. १९६४ पासून संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती आहे. न्यायालयंही आहेत. १९७७ मध्ये मुंबई विमानतळावरचं उपाहारगृह चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. तीत अनुभवाची जी अट होती ती न भरणाऱ्याला ठेका मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विमानतळ प्राधिकरणासारखं महामंडळ राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’च आहे, स्वतःच घातलेली अट त्याला मनमानीने मोडता येणार नाही. एका उपाहारगृहाच्या निविदेतून प्रत्येक नागरिकाला सरकारी महामंडळाकडे समान वागणूक मागण्याचा भक्कम आधार मिळाला.

एवढे पहारे असूनही एक फट राहतेच. हे सगळे पहारेकरी कागद तपासतात, फोनला कागद नसतो. मंत्रालयातून फोन येतो, अमुक ठिकाणी शाखा काढा, तमुक माणसाला घ्या. खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये त्या फोनचा मागमूस नसतो. उद्या चौकशी लागली तर सही त्याची. मग तो निर्णयच टाळतो, फाइल वर पाठवतो, आणखी एका समितीचं मत मागवतो. लोक याला आळस म्हणतात. त्यात आळस असेलही, पण बहुतेक वेळा ती भीती असते, आणि ती भीती तोंडी हुकमातून जन्मते. हे दिल्लीला कळत नव्हतं असं नाही. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कंपन्या आणि मंत्रालयं यांच्यात वर्षाच्या उद्दिष्टांचे सामंजस्य करार होऊ लागले, १९९७ मध्ये ‘नवरत्न’ आणि २०१० मध्ये ‘महारत्न’ दर्जा आला आणि मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांना ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःच गुंतवणूक ठरवण्याचे अधिकार मिळाले. लेखी अंतर राखण्याचाच हा प्रयत्न होता.

१९९१ नंतर निर्गुंतवणूक, म्हणजे सरकारी हिस्सा विकणं, हा शब्द रुळला. इथेही कंपनी कोणत्या कागदावर जन्मली याला महत्त्व राहिलं. एसो आणि बर्मा शेल या तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण संसदेच्या कायद्यांनी झालं आणि त्यातून एचपीसीएल व बीपीसीएल घडल्या. २००३ मध्ये त्या विकायला निघाल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सरकारला थांबवलं: कायदा करून घेतलेलं, कायदा न बदलता विकता येणार नाही. २०१८ मध्ये मग सरकारने एचपीसीएलमधला आपला ५१.११ टक्के हिस्सा विकला, तो ओएनजीसीला, ३६,९१५ कोटी रुपयांना. विकणारं सरकार आणि घेणारी कंपनीही सरकारचीच. पैसे सरकारी खजिन्यात गेले आणि कर्ज ओएनजीसीच्या माथी आलं. माझ्या लेखी यात कंपनीच्या हितापेक्षा खजिन्याची गरज पुढे होती, आणि मालकाने आपल्याच कंपनीला असं वापरू नये.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, दारूगोळा कारखान्यांचं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या एकीचं मुख्यालय खडकीला, एकीचं नागपूरला. खात्यात लागलेला कामगार एका रात्रीत कंपनीच्या छत्राखाली आला. घाट बदलणं म्हणजे काय, हे त्या वसाहतींना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

एसटीच्या आगारांनाही नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हा ती सरकारच चालवत होतं. १९५० च्या कायद्यानंतर महामंडळ आलं. कर्मचाऱ्यांचा पगार त्यामुळे महामंडळाच्या उत्पन्नाला बांधला गेला. करोनाने ते उत्पन्न आटलं आणि २०२१ च्या अखेरीस राज्यभर संप पेटला. मागणी होती विलीनीकरणाची: आम्हाला सरकारी कर्मचारी माना. पाच महिन्यांहून जास्त काळ बसगाड्या आगारांत उभ्या राहिल्या, शाळेची पोरं आणि बाजारला जाणारी माणसं रस्त्यावर ताटकळली, कर्मचाऱ्यांच्या घरी चुली विझायची वेळ आली. महामंडळ की खातं, हा प्रश्न त्या दिवसांत चालक-वाहकांच्या ओठांवर होता.

विलीनीकरण झालं नाही. काही महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. या सवलती सरकारच्या. तिकिटातली तूट सरकारने महामंडळाला भरून द्यायची, असा लेखी निर्णय आहे. म्हणून म्हाताऱ्या आजोबांनाही वाहक तिकीट देतो, शून्य रुपयांचं. कोणाला त्या तिकिटाची काय गरज वाटेल. पण त्या चिटोऱ्यावर सरकारचा हुकूम छापलेला आहे, आणि त्याच्या हिशेबावरच महामंडळ सरकारकडे पैसे मागतं. छगलांनी मागितला होता तो कागद हाच. आजोबा तो खिशात जपून ठेवतात, तसाच सरकारनेही तो जपावा, आणि त्यावरचे पैसे वेळेवर द्यावेत.