निवृत्तीनंतरची पेरणी

ऊस तुटून गेला आणि खोडवा मोडला की भवानीनगर-सणसरच्या रानात गहू पेरतात. त्या वेळी 'एमएसीएस 6222' या वाणाचं नाव हमखास निघतं. त्यातली पहिली चार इंग्रजी अक्षरं म्हणजे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. ही संस्था उभी केली ती निवृत्त झालेल्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी, डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी.

त्यांचा जन्म 1884 चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असतानाच ते सह्याद्रीतल्या नद्या-ओढे धुंडाळत. सातारा जिल्ह्यात त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तिचे भाऊबंद तोवर फक्त आफ्रिकेतच ठाऊक होते, त्यामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांचं लक्ष या शोधाकडे गेलं. पुढे ते जर्मनीला गेले. पहिल्या महायुद्धात तिथे स्थानबद्धता भोगून 1919 मध्ये त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी पाव शतक काढलं.

1946 मध्ये ते निवृत्त झाले. साठी उलटली होती, मानमरातबही पुष्कळ मिळाला होता. तरी त्याच वर्षी पुण्यात विज्ञानवर्धिनी सुरू झाली आणि 1960 मध्ये डोळे मिटेपर्यंत आघारकर तिचे संचालक राहिले. 1992 मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

याच संस्थेचं प्रक्षेत्र आपल्या बारामती तालुक्यात होळला आहे. तिथलं नवे वाण काढायचं काम जवळून पाहावं. सोयाबीनचं फूल इवलंसं, आतल्या आत फळणारं. म्हणून कळी उमलायच्या आधीच ती चिमट्याने हळुवार उघडायची, परागकोश काढून टाकायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. बऱ्याच कळ्या गळून जातात. ज्या धरतात, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करत गेल्यावर आठ-दहा वर्षांनी एखादा वाण हाती येतो. एमएसीएस 1188 सोयाबीन घ्या किंवा कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपमध्ये हेक्टरी उतारा दुपटीच्या आसपास नेणारा एमएसीएस 6478 गहू घ्या, त्यामागे अशीच वर्षं खर्ची पडली आहेत. यातला एकही वाण आघारकरांनी स्वतः काढलेला नाही. त्यांनी माणसांना काम करायला जागा करून दिली. वाण पुढच्या पिढ्यांनी काढले. शिक्षकाची कमाई मोजायची ती अशी.

दरवर्षी आपल्या भागातल्या कॉलेजांतून जीवशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त होतात. आपल्या माळावरचं गवत, नीरा नदीतले मासे, उसावरची कीड यांची त्यांना नावानिशी ओळख असते. शाल-श्रीफळ द्यावंच, सोबत त्यांच्याकडे शाळेतली चार मुलं द्या, शिवारातला एक तुकडा द्या आणि गावच्या जीवसृष्टीची नोंदवही त्यांच्या हातून लिहून घ्या. त्यांचं ज्ञान घरी बसून राहिलं, तर नुकसान आपलंच आहे.