परदेशप्रवास आणि कॅमेऱ्याची निवड

१९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके विमा पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, ते चित्रपटाचा कॅमेरा विकत घेण्यासाठी. छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांनी पूर्वी केलेला होता. तरीही दुकानात दिसला तो कॅमेरा त्यांनी उचलला नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटून त्यांनी सल्ला घेतला, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि मग विल्यमसन बनावटीचा कॅमेरा निवडला. मायदेशी परतल्यावर त्याची पहिली परीक्षा त्यांनी घरीच घेतली. वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनी दिवसेंदिवस टिपली आणि तो लघुपट दाखवूनच पुढील चित्रपटासाठी भांडवल उभे केले. जाणकारास विचारून घेणे आणि घेतलेल्या वस्तूवर आधी घरी हात बसवणे, ही व्यापाऱ्याला सहज पटणारी रीत आहे.

आज सोलापुरातील अनेक व्यापारी कुटुंबे आई-वडिलांसह दुबई, सिंगापूर, युरोपला जातात आणि शेकडो छायाचित्रे घेऊन परततात. बहुतेकांत सर्वजण एखाद्या इमारतीपुढे ओळीने उभे असतात. पहिल्यांदा बर्फ हातात घेताना आजींच्या चेहऱ्यावर उमटलेला भाव मात्र त्यांत नसतो. काही वर्षांनी आजी नसतात. तेव्हा घर शोधते ते नेमके हेच छायाचित्र, इमारतीचे नव्हे.

असे बेसावध क्षणाचे चित्रण, ज्याला आज ‘कॅन्डिड’ म्हणतात, लहान कॅमेऱ्यामुळे सुलभ झाले. १९२५ मध्ये जर्मनीच्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटरची फिल्म छायाचित्रकाराच्या कोटाच्या खिशात आणली. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तोच कॅमेरा बहुधा एकाच ५० मिलिमीटर लेन्ससह जगभर वापरला. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येपूर्वी काही वेळ, त्यांनी दिल्लीत महात्मा गांधींची भेट घेतली होती. त्यांच्या साधनांत डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते, आणि तेच त्यांचे बळ होते.

म्हणून निवडीचा पहिला निकष वजन हा असावा. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि २४ ते ७० मिलिमीटरची जाड झूम लेन्स मिळून सव्वा ते दीड किलो भरतात. असा बोजा तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत राहतो. शिवाय तो रोखला की समोरचा माणूस सावध होतो. त्यापेक्षा एकाच पक्क्या लेन्सचा छोटा कॅमेरा बरा. रिकोचा जीआर-३ सुमारे २५७ ग्रॅमचा असून खिशात मावतो. फुजीफिल्मचा एक्स-१०० सहा पाचशे ग्रॅमच्या थोडा वर आहे. त्याची लेन्स ३५ मिलिमीटरच्या दृष्टिकोनाची, म्हणजे माणूस आणि त्याच्या भोवतीची जागा दोन्ही दाखवणारी आहे. लेन्सचा ‘एफ’ आकडा जितका लहान, तितका मंद प्रकाशात फ्लॅशवाचून निभाव लागतो. आवाज न करणारा शटर असल्यास उत्तम. केवळ उजेडातील चित्रे काढायची असतील, तर हातातील चांगला मोबाईलही पुरेसा ठरतो. ज्याची गरज नाही ते न घेणे हाही निवडीचाच भाग होय.

जैन कुटुंबांनी आणखी एक बाब पाहावी. जुन्या पद्धतीची फिल्म पुन्हा लोकप्रिय होत आहे. तिच्यावरील चांदीच्या क्षारांचा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. डिजिटल सेन्सरवर असा थर नसतो. पट्टा व पिशवी चामड्याऐवजी सुती किंवा नायलॉनची सहज मिळते.

हिशेबाचा भागही दुर्लक्षू नये. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत नवे मॉडेल येताच उतरते, चांगली लेन्स मात्र मूल्य टिकवते. म्हणून लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतल्यास अधिक रक्कम लेन्सवर खर्चावी. महाग साहित्य नेताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षात क्रमांक दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ते दाखवले की वस्तू परदेशात घेतल्याचा संशय राहत नाही. खरेदीचे बिल जवळ असावे आणि सुट्या बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्यात.

आपल्या माणसांची बेसावध चित्रे काढण्यास कोणाची हरकत नसते; परक्यांच्या बाबतीत तसे नाही. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीवाचून दुसऱ्याचे छायाचित्र काढून त्याच्या खाजगीपणाचा भंग केल्यास कारावास किंवा मोठा दंड होऊ शकतो. जर्मनीत १९०७ पासूनच्या कायद्यानुसार व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास सामान्यतः तिची संमती लागते. कायदा नसेल तेथेही नजरेने विचारावे आणि नकार आल्यास कॅमेरा खाली करावा. कोणाचे मन दुखवून घेतलेले चित्र घरी आणून काय मिळणार?

कॅमेरा मात्र प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. दोन-तीन महिने आधी घ्यावा आणि घरातील जेवणाच्या पंगतीत, दुकानात कापड उलगडणाऱ्या वडिलांवर, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या गर्दीत सराव करावा. बटणे न पाहता बोटे चालू लागली की डोळे माणसांकडे मोकळे राहतात. मग स्वित्झर्लंडमध्ये आजींनी ओंजळीत बर्फ घेतला, तर तो क्षण निसटणार नाही.